कॉन्ट्रॅक्टचं काम बेळगावात बसून करायचं की पुणे-बेंगळुरूला जाऊन? हातात काय उरतंय ते बघा

टिळकवाडी, अनगोळ, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं सध्या एकच विचारायलेत, आयटीतलं कॉन्ट्रॅक्टचं काम घरातनं करून चांगला रेट मिळतो का, का त्यासाठी पुण्यालाच जायला पाहिजे. मिळतो की. फक्त तुमच्या आणि क्लायंटच्या मधे किती जण बसलेत त्यावर तो ठरतो, तुम्ही कुठल्या गावात बसलाय हे नंतर येतं.

आधी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीच्या पेरोलवर जाऊन क्लायंटच्या ऑफिसात बसायचं, पुण्याचं हिंजवडी म्हणा नाहीतर बेंगळुरूचं व्हाइटफील्ड. यात पगार महिन्याच्या महिन्याला येतो, पीएफ कापला जातो, सॅलरी स्लिप मिळते आणि होम लोनला बँकवाले त्या स्लिपवर लगेच बोलायला लागतात. पण समजा १ लाख २० हजार ठरले, तर फ्लॅटचं भाडं, डिपॉझिटमध्ये अडकलेले पैसे, मेस, रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातनं दोनदा घरी यायचं धरलं तर त्यातले ४० हजार सहज जातात. पुणं साधारण ३४० किलोमीटर, बेंगळुरू ५०० च्या आसपास. ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरूची वंदे भारत सुरू झाली, त्यामुळं राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्र काढायलाच पाहिजे असं राहिलं नाही, पण तिकिटाचे पैसे तर लागतातच. एक मात्र सांगतो, आपल्या पोरांना मराठी आणि कन्नड दोन्ही येतंय, त्यामुळं बेंगळुरूत घरमालकापासून टीमपर्यंत जम लवकर बसतो, म्हणून पुणंच पाहिजे असा हट्ट धरू नका.

घरात बसून पण एजन्सीमार्फत, हा प्रकार मला सगळ्यात कमी पटतो. तुम्ही बेळगावात आहे म्हटल्यावर एजन्सी रेट पाडते आणि स्वतःचं मार्जिन मात्र तेवढंच ठेवते. त्यात करारात एक ओळ असते, क्लायंटकडून पेमेंट आल्यावरच तुम्हाला पेमेंट. वडगावच्या एका ओळखीच्या मुलाचे दोन महिन्यांचे पैसे त्या ओळीमुळं अडकून बसलेत, काम झालंय, टाइमशीट मंजूर झालीय, तरी एजन्सी म्हणते आम्हालाच आले नाहीत. ही ओळ काढून घ्या, नाहीतर निदान इतक्या दिवसांत पैसे देऊच असा आकडा लिहून घ्या. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून ठेवा, ते फुकट आहे. ते असलं की कायद्यानं करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायला लागतात आणि उशीर झाला तर व्याज मागता येतं.

आता थेट क्लायंट, घरातनं. खरा रेट इथं आहे आणि पोरं इथंच कमी सांगून मोकळी होतात. पॅकेज १५ लाख असेल तर त्याला ३६५ नं भागून दिवसाला ४ हजार १०० सांगतात. अरे, शनिवार-रविवारचे १०४ दिवस गेले, सण गेले, आजारपण गेलं, दोन कामांच्या मधला गॅप गेला, बिल करण्यासारखे २०० दिवस धरा. म्हणजे नोकरीच्या नुसत्या बरोबरीला यायलाच ७ हजार ५०० पाहिजेत, वर मेडिक्लेम, लॅपटॉप, पीएफमधला कंपनीचा वाटा हे सगळं आता तुमच्याच खिशातनं, म्हणून ९ हजाराच्या खाली बोलूच नका. गणपतीत अकरा दिवस बेळगावात राहायला मिळतंय हे खरं, पण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी झोप काढली तर त्या दिवसाचं बिल नाही.

टॅक्समध्ये मात्र थेट काम करणाऱ्याचा मोठा फायदा आहे. प्रोफेशनल लोकांसाठी हिशेब सोपा करणारी एक सोय आहे (जुन्या आयकर कायद्यातलं कलम ४४एडीए), त्यात आयटीचं प्रोफेशनल काम बसतं, जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरतात. २०२५-२६ पासून टॅक्सच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, म्हणजे दुसरं काही उत्पन्न नसेल तर १८ लाख बिल केलं तरी ९ लाखच धरले जातात आणि टॅक्स शून्य. पेरोलवरच्या माणसाला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून ही सवलत पावणेतेरा लाख पगारापर्यंतच. पण इथला क्लायंट बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापून पैसे देतो, ते रिटर्न भरल्यावर परत येतात, तोपर्यंत हात आखडता ठेवायला लागतो. वर्षाचं बिल २० लाखांच्या वर गेलं की जीएसटी नंबर घ्यायलाच लागतो, आणि परदेशातली बिलं पण त्या २० लाखांत धरतात. ती निर्यात असल्यामुळं एलयूटी, म्हणजे सरकारला द्यायचं हमीपत्र, भरून त्यांच्यावर जीएसटी लावायचा नसतो. हे सगळं एकदा सीएकडं बसून समजून घ्या, त्याची फी वसूल होते.

परदेशी क्लायंट बघत असाल तर घड्याळ पण बघा. ब्रिटनचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच, हे जमतंय. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात, मग रात्रभर काम आणि दिवसा घरात मिक्सर, कुकर, पाहुणे. वर्षभर हे सोसतंय का याचा विचार आधी करा, एकदा हो म्हटल्यावर वेळ बदलून मिळत नाही.

लाइटचं पण बघायला पाहिजे. शहरात इन्व्हर्टर, फायबर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम एवढ्यावर भागतं. खानापूरकडं जुलैत हेस्कॉमची लाइट गेली की लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालतो, पण थोड्या तासांनी टॉवरची बॅटरी संपते आणि हॉटस्पॉट पण जातो, मग कॉलमध्ये नुसतं आपलं नाव दिसतंय आणि आवाज नाही. त्यांनी पावसाचे तीन महिने बेळगावात भाड्यानं टेबल घ्यावं, तो खर्च रेटमध्येच धरावा.

मला विचाराल तर अनुभव तीन वर्षांच्या आत असेल तर जा, ऑफिसात बसा. कोड कसा रिव्ह्यू करतात, क्लायंटशी कसं बोलतात हे शेजारच्या टेबलावरनं शिकायला मिळतंय आणि पुढं थेट काम देणारी माणसं तिथंच भेटतात. घरावर लोन काढायचं असेल किंवा लग्न जमवायचं चाललं असेल तरी पेरोलच बरं, कारण स्थळवाले कंपनीचं नाव विचारतात आणि स्वतःचं काम करणाऱ्याकडं बँक दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते.

पाच-सहा वर्षं झाली असतील, हातात चार महिन्यांचा घरखर्च शिल्लक असेल आणि निदान एक जुना मॅनेजर तुमचा फोन उचलत असेल, तर बेळगावात या. आधी आहे त्याच क्लायंटला विचारा की करार संपल्यावर माझ्याशी थेट कराल का, पण त्याच्या आधी एजन्सीच्या करारात तसं करायला किती महिने मनाई आहे ते वाचून घ्या. रेट ठरून सही होईपर्यंत मी गावाकडनं काम करणार म्हणून खर्च कमी आहे असं स्वतःहून सांगू नका, तुमचा खर्च किती हा त्यांचा विषय नाही.