कमला खान, लग्नघर आणि फ्लेक्सवाले व्हिलन

नवी पेठेतनं मिस मार्व्हल कॉमिकचा ५ वा भाग, ‘सुपर फेमस’, सेकंडहँड घेतला, घरी येईस्तोवर मधली दोन पानं सुटली ते सोडा. कमला खान म्हणजे जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी घरातली पोरगी, हीच मिस मार्व्हल, आता ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टीममध्ये गेलीय, वर शाळा, वर भाऊ आमिरच्या लग्नाची गडबड, आणि ज्या दोस्ताला, ब्रूनोला, हिनं आधी सध्या नको म्हणून थांबवलं त्यानं तोवर माईक नावाची गर्लफ्रेंड पण केली! हिची जी चिडचिड होते ना, ती लई भारी दाखवलीय. माईक पण चांगली निघते, म्हणजे रागवायची पण सोय नाही.

व्हिलन लोक तर न विचारता हिचा फोटो बिल्डरच्या बोर्डावर लावतात, चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काय नवीन नाही. मग सगळीकडं पुरायचं म्हणून ही स्वतःच्या कॉप्या बनवते आणि त्या अख्खं शहर डोक्यावर घेतात, तिथं मी कडक भाकरी हातात तशीच धरून हसत बसलो.

टोनी स्टार्क, थॉर वगैरे टीमवाले मात्र नावापुरतेच, तेवढं खटकलं. बाकी पैसा वसूल, फक्त घेताना बाइंडिंग ओढून बघा.