ट्यूब सडल्याचं सांगितलं आणि सोन्याची निब गेली

पावती अशी होती: ट्यूब बदलली ९०० रुपये, निब सेटिंग ४००, सफाई व पॉलिश ५००. एकूण १,८००. पेन पार्कर ५१, माझ्या आत्याच्या सासऱ्यांचं. कित्येक वर्षं कपाटात पडून आतली शाई पार वाळलेली. आत्याने ते साताऱ्याहून पुण्याला येताना आणलं आणि कुणीतरी सुचवलेल्या एका दुरुस्तीवाल्याकडे परस्पर देऊन टाकलं. परत मिळालं तेव्हा पेन सुरेख लिहीत होतं. आत्या त्या माणसावर खूश होती. मला खटकली ती पावतीतली पहिलीच ओळ.

जुन्या पेनांत शाई भरायला रबरी ट्यूब असायची. ते रबर वर्षानुवर्षांनी कडक होतं, हात लावताच तुकडे पडतात, ती बदलावीच लागते. त्यामुळे ‘ट्यूब सडली’ हे वाक्य कोणालाही पटतं. पण पार्कर ५१ हे पेन १९४१ साली बाजारात आलं आणि १९४८ पासून त्यात दाबून शाई भरायची जी पद्धत आली, तिची ट्यूब रबराची नसते. ती पारदर्शक प्लॅस्टिकची असते. साठ-सत्तर वर्षांनंतरही ती सहसा मऊ आणि शाबूत निघते. पेन दाबून भरण्याचं असेल, तर ‘ट्यूब सडली’ ऐकल्यावर आधी ‘दाखवा’ म्हणायचं.

मी मागची नळी फिरवून काढली. ट्यूबवर पत्र्याचं कवच असतं, त्याला शाई भरताना दाबायची पट्टी असते, आणि ती सहा वेळा दाबण्याची सूचना त्यावर कोरलेली असते. पट्टीच्या बाजूच्या फटीतून टॉर्च मारला. आत जुनाट निळे डाग पडलेली, पिवळट झालेली ट्यूब. नवी बसवली असती तर तिच्यावर इतक्या वर्षांचे डाग कुठून आले असते? म्हणजे ९०० रुपये हवेत गेले.

या पेनाला खरं तर पाण्याशिवाय काही लागलं नसतं. टोपण काढून निबेकडचा भाग साध्या, कोमट नव्हे, गार पाण्यात रात्रभर उभा ठेवायचा. सकाळी पाणी गडद निळं झालेलं असतं. ते बदलायचं, पट्टी दाबून आत-बाहेर पाणी खेळवायचं, परत भिजत ठेवायचं. ५१ च्या आत शाई साठवणाऱ्या बारीक पापुद्र्यांचा गठ्ठा असतो, त्यामुळे चार-पाच दिवस निळं पाणी येतच राहतं. कंटाळा येतो, पण पेन बिघडलेलं नसतं. फारच चिवट असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग घरगुती अमोनिया आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. स्पिरिट आणि नेलपॉलिश रिमूव्हर मात्र अजिबात नको. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन या पेनाचं अ‍ॅक्रिलिक खातं, आणि स्पिरिटने जुन्या सेल्युलॉइड पेनांची वाट लागते. आपल्याकडच्या जुन्या एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या, पेनांना गरम पाणी लावलं की काळा रंग तपकिरी-हिरवट पडतो, तो पुसून जात नाही.

आता निब. शाळेत ज्यांनी हिरो पेन वापरलं त्यांना हा आकार माहीत आहे: निब सगळी पेनाच्या पुढच्या आवरणाखाली झाकलेली, बाहेर फक्त टोक. चोरी करणाऱ्याला याहून सोयीचं पेन नाही. मूळ ५१ ला १४ कॅरटची, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याची निब असते. ती वितळवून फारसं काही हाती लागत नाही, पण संग्राहकांकडे सुटी निब चांगल्या किमतीला खपते. बाहेरून दिसतं फक्त टोक, आणि लिहून पाहणारा माणूस रंग बघत नाही, अक्षर बघतो.

दिवाळीत आत्याकडे गेलो होतो तेव्हा मी त्या पेनाचे जवळून फोटो काढले होते. त्यांत टोक स्पष्ट पिवळं. आता ते पांढरं.

दुरुस्तीवाल्याकडे आत्याला घेऊन गेलो. आधी तो म्हणाला, “काका, फोटोत प्रकाशामुळे पिवळं दिसतं.” मग म्हणाला, “तुमचं पेन ‘स्पेशल’ असेल, त्याला स्टीलचीच निब येते.” हे उत्तर तयारीचं होतं, आणि अर्धं खरं. ५१ स्पेशल नावाचं स्वस्त मॉडेल होतं, त्याची निब स्टीलच्या रंगाची असते. पण त्याचं टोपणही चकचकीत स्टीलचं. आत्याच्या पेनाचं सोनेरी. “टोपणं काय, बदलतात,” तो म्हणाला. खरंच बदलतात, म्हणून तिथे वाद अडकला. ट्यूबचं मात्र पावतीवर लिहिलेलं होतं आणि ट्यूब समोर होती. जुनी काढलेली ट्यूब दाखव म्हटल्यावर ‘टाकून दिली’ म्हणाला, आणि दोन गिऱ्हाईकं उभी असल्याने मुकाट्याने ९०० रुपये काढून दिले. निबेवर ठाम राहिला.

आत्याचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता. सासऱ्यांचं नाव नळीवर कोरून घेतलेलं होतं, ते पॉलिशच्या चाकावर घासून जवळजवळ पुसलं गेलं. “चकचकीत करायला सांगितलं कोणी होतं?” तिने त्याला विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

सगळेच असे नसतात. पुण्या-मुंबईत प्रामाणिक हात आहेत. ते पेन तुमच्यासमोर उघडतात, आणि पाण्याने सुटेल म्हणत तसंच घरी पाठवतात. पण पेन ठेवून जायची वेळ आलीच, तर निबेचं टोक, टोपण आणि नळीवरचं नाव यांचे उजेडात फोटो काढा आणि ते त्या माणसाला तिथेच दाखवा. बदललेला प्रत्येक भाग परत मागा, आणि पॉलिश करू नये असं पावतीवरच लिहून घ्या. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. निब चुंबकाला चिकटली तर ती सोन्याची नाही हे कळतं, पण बरंचसं चांगलं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, हे त्या लोकांना आपल्याआधी ठाऊक असतं.

मूळ निब मिळाली नाही. तशीच जुनी १४ कॅरटची शोधतो आहे. तोवर आत्या स्टीलच्याच निबेने दूधवाल्याचा हिशोब लिहिते.