पन्नाशीच्या आत: पुण्यातल्या एका आयव्हीएफ सेंटरचा अनुभव

सेंटरचं नाव लिहीत नाही. आमच्या वन्संनी सासरच्या मंडळींना अजून काही सांगितलेलं नाही, आणि इचलकरंजीत गोष्ट फुटायला एक फोन पुरतो. पुण्यातलं मोठं, चालतं सेंटर आहे, एवढं धरून चाला. पंचेचाळिशीनंतर असल्या ठिकाणी जाणाऱ्यांना काय बघावं नि काय विचारावं हे कळावं, म्हणून हा रिव्ह्यू.

वन्सं म्हणजे माझ्या मिस्टरांची थोरली बहीण. वय 48, दाजी 53. सासरे गेले तेव्हा वन्सं पतसंस्थेत नुकत्याच लागल्या होत्या. धाकट्या भावंडांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, घराचं कर्ज हे सगळं त्यांच्या पगारावर झालं, आणि मग त्यांनी 42व्या वर्षी स्वतःचं लग्न केलं. आमच्या घरात "या वयात कशाला हे डोहाळे?" असं पहिल्यांदा म्हणाले ते माझे मिस्टर. त्यांच्या इंजिनीअरिंगच्या चारही वर्षांची फी कोणी भरली होती ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. त्यानंतर ते या विषयावर बोललेले नाहीत, आणि पुण्याला सोबत मी गेले.

आता सेंटरबद्दल. जागा स्वच्छ, एसी जरा जास्तच, टोकन पद्धत आहे पण टोकनला काही अर्थ नाही. दहाची वेळ असेल तर साडेअकरा धरा. दारातच "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" हा बोर्ड आणि त्याच्या शेजारी अख्खी भिंत भरून बाळांचे फोटो. ज्यांचं काही जमलेलं नाही अशा बायकांना तासभर त्या भिंतीसमोर बसवून ठेवायची कल्पना कुणाची होती कोण जाणे. सोनोग्राफी करणाऱ्या मॅडम मात्र फार चांगल्या. आतून सोनोग्राफी करायची म्हणजे वन्सं अवघडल्या होत्या. प्रत्येक गोष्ट आधी सांगून, विचारून केली. नर्सेस "आजी" म्हणत नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण याआधी एका ठिकाणी तसं झालं होतं.

डॉक्टरांना माझ्याकडून पूर्ण मार्क. एएमएचचा (बीजांचा साठा किती उरलाय हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट बघून त्यांनी सरळ सांगितलं, "तुमच्या स्वतःच्या बीजावर सायकल करून मी तुमचे पैसे घेणार नाही. डोनर एगचा विचार करायचा असेल तर पुढे बोलू." हे ऐकायला कठीण होतं, पण अशी वाक्यं सांगायला फार थोडे डॉक्टर तयार असतात. मग त्यांनी कागदावर आकडे लिहून समजावलं. डाउन सिंड्रोमची शक्यता आईच्या 35व्या वर्षी साधारण 350 बाळांत 1, 40व्या वर्षी 100त 1, 45व्या वर्षी 30त 1. बीज तरुण मुलीचं घेतलं तर हा हिशेब त्या मुलीच्या वयाने चालतो. "पिशवीला वय तितकं कळत नाही, बाकी शरीराला कळतं," असं म्हणून त्यांनी बीपी, गरोदरपणातली शुगर, सिझेरियन हे सगळं सांगितलं. हृदयाची तपासणी आणि फिजिशियनचं पत्र आल्याशिवाय पुढचं काही नाही, आणि एका वेळी एकच भ्रूण सोडणार, जुळ्यांचा आग्रह धरायचा नाही, हेही बजावलं. वन्संनी जुळ्यांचं विचारलं होतं. एकदाच काय ते होऊन जाईल, म्हणून.

डोनरबद्दल माझ्या मनात होतं ते मी विचारलं. असल्या उपचारांसाठी 2021चा जो कायदा आहे त्याप्रमाणे बीज देणारी 23 ते 35 वयाची लागते, आयुष्यात एकदाच देऊ शकते, आणि तिच्याकडून 7पेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा विमा आपण भरायचा. ती कोण हे आपल्याला कळत नाही आणि आपण कोण हे तिला. तिला इंजेक्शनांचा काही त्रास झाला तर कोण बघतं, या प्रश्नावर "बँक बघते" (म्हणजे बीज देणाऱ्या बाया ज्या संस्थेमार्फत येतात ती) एवढंच उत्तर मिळालं. हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही.

यानंतर पैशांची खोली, आणि इथून माझं आणि सेंटरचं जमेना. कोऑर्डिनेटर म्हणून एक चुणचुणीत मुलगी असते. तिने पॅकेजचा कागद पुढे ठेवला. सव्वातीन लाख, औषधं वेगळी, भ्रूण गोठवून ठेवायचे वेगळे, हप्त्याची सोय आहे. वन्संचं वय फाइलवर बघून ती म्हणाली, "मॅडम, 50 पूर्ण व्हायच्या आत सगळं बसवायला हवं हं. कायदाच आहे. या महिन्यात सुरू केलं तर दोन ट्रान्स्फरला वेळ मिळेल." ट्रान्स्फर म्हणजे भ्रूण पिशवीत सोडणं. कायदा खरा आहे. बाईचं वय 50च्या आत, पुरुषाचं 55च्या आत. पण तो कायदा दसऱ्याच्या सेलच्या शेवटच्या तारखेसारखा समोर धरायचा नसतो. 48 वर्षांच्या बाईला "वेळ संपत आली" हे सांगायला पगारी माणूस ठेवायची गरजच नाही. गेली सहा वर्षं ती रोज तेच ऐकतेय.

आणि समुपदेशन? ते पॅकेजची सही झाल्यावर. कागदावर रकाना आहे म्हणून करायचं, असा सगळा थाट. आम्हाला वीस मिनिटं मिळाली आणि तिसऱ्या मजल्यावर, स्टोअररूमला लागून असलेली खोली मिळाली.

त्या खोलीतल्या बाईंमुळे मी हे सगळं लिहितेय. साधारण माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी सुरुवातच दाजींपासून केली. तोवर दिवसभर दाजींना कुणी काही विचारलं नव्हतं. एक डबी हातात दिली होती आणि शुगर तपासली होती. बाईंनी विचारलं, "बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे? वडील कितव्या वर्षी गेले? रिटायर कधी होणार?" दाजी सूतगिरणीत आहेत, 58ला रिटायर होतील. बाईंनी कोरा कागद दिला, तीन उभे रकाने आखायला सांगितले: बाळ, आई, बाबा. दाजींनी खिशातलं पेन काढून पतपेढीचं खातं लिहावं तसं नीट लिहिलं. बाळ 4, आई 53, बाबा 58, पुढे "रिटायर". बाळ 15, आई 64, बाबा 69. बाळ 22 ला येताना त्यांचा हात थांबला आणि त्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्सं म्हणाल्या, "लिहा की. 71 आणि 76. मी पतसंस्थेत रोज व्याजाची गणितं करते, मला काय हे येत नाही होय?"

बाईंनी त्यांना अडवलं नाही, सल्लाही दिला नाही. या वयात मूल होणं चूक की बरोबर, यावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढचा प्रश्न विचारला: "ज्या वर्षी तुम्हाला स्वतःलाच सोबत लागेल, त्या वर्षी या मुलाच्या सोबतीला कोण? पंचेचाळिशीच्या आतली दोन नावं लिहा."

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल. मी शेंडेफळ. मी झाले तेव्हा बाबा 56चे होते, आई 43ची, आणि दादा माझ्यापेक्षा 22 वर्षांनी मोठा. पहिलीच्या फॉर्मवर "वडिलांचा व्यवसाय" या ओळीत माझ्या बाबांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात "सेवानिवृत्त" लिहिलं होतं, आणि बाईंनी वर्गात ते मोठ्याने वाचलं. मी 17ची असताना बाबा गेले. कॉलेजची फी दादाने भरली, कन्यादान दादा-वहिनीने केलं, बाळंतपण वहिनीने केलं. कुणी मला विचारलं की इतक्या उशिरा मूल होऊ देणं चूक ना, तर मी काय उत्तर देऊ? मी आहे, आणि मला असण्याची काही तक्रार नाही. पण माझं ठीक चाललं ते घरात आधीपासून दादा होता म्हणून. पूर्वी चाळिशीत नि पंचेचाळिशीत बाळंतपणं सर्रास व्हायची, सासू-सून एकाच वर्षी बाळंत व्हायच्या, मामा भाच्याहून लहान असायचा. "आपल्यात हे नवीन नाही" असं म्हणणाऱ्यांचं तेवढं खरं आहे. फरक एवढाच की त्या शेंडेफळाच्या मागे चार भावंडं, दोन वहिन्या आणि एक काकू उभी असायची. आज पन्नाशीला जे मूल होतं ते पहिलं आणि एकटंच असतं. म्हाताऱ्या आईबापांचं दवाखान्याचं सगळं त्याच्यावर बारावीच्या वर्षात येऊ शकतं.

वेटिंगमध्ये एक काका म्हणत होते, पंजाबी गायक सिद्धू मूसेवालाच्या आईला 58व्या वर्षी मुलगा झाला की, 2024मध्ये. बरोबर आहे, झाला. तरणाताठा मुलगा गोळ्या घालून मारला गेल्यावर त्या बाईने काय करावं हे सांगायला मी जाणार नाही. पण मला स्पेनच्या मारिया देल कार्मेन बुसादाही आठवतात. 2006 साली 66व्या वर्षी त्यांना जुळे मुलगे झाले. उपचार अमेरिकेत घेतले होते, तिथे वय कमी सांगून. माझी आई 101 वर्षं जगली, मीही जगेन, असा त्यांचा हिशेब. 2009मध्ये त्या कॅन्सरने गेल्या. मुलं तीन वर्षांचीसुद्धा नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी सेंटरमध्ये कुणीही सांगितली नाही आणि जी मला सांगायला हवी होती असं वाटतं. वन्सं-दाजींनी आधी दत्तकाची चौकशी केली होती. सरकारच्या 2022च्या दत्तक नियमांत नवरा-बायकोच्या वयांची बेरीज करतात. दोन वर्षांपर्यंतचं बाळ हवं तर बेरीज 85च्या वर चालत नाही, 2 ते 4 वर्षांच्या मुलासाठी 90, 4 ते 8साठी 100, त्यापुढच्या मुलासाठी 110. यांची बेरीज 101. म्हणजे दत्तक घ्यायचं तर आठ वर्षांच्या पुढचं मूल. आणि इथे, त्याच सरकारच्या दुसऱ्या कायद्याने, 49ची बाई आणि 54चा पुरुष तान्ह्या बाळासाठी चालतात. बेरीज कुणी करतच नाही. दत्तकाच्या वेळी सरकार मुलाच्या बाजूने वय मोजतं, कारण मूल समोर असतं. इथे मूल अजून नाही, म्हणून त्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही. मला दत्तकाचा नियम शहाणपणाचा वाटतो. तो वन्संना लावला असता तर त्या त्या दिवशी त्या खोलीत नसत्या, हेही मला कळतं. दोन्ही गोष्टी मी अजून एकत्र बसवू शकलेले नाही.

तर ती दोन नावं. वन्संनी कागद ओढून घेतला आणि एक माझं नाव लिहिलं, दुसरं माझ्या मुलीचं. माझी मुलगी 16 वर्षांची आहे. बाईंनी कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि वन्संना विचारलं, "यांना विचारलंय?"

वन्सं गप्प. दाजी म्हणाले, "घरचंच माणूस आहे." बाई म्हणाल्या, "म्हणूनच विचारायचं. आणि त्या मुलीलाही विचारायचं, तिच्या आईने तिच्या वतीने हो म्हणायचं नाही." मग घड्याळ बघून म्हणाल्या, तुमची वेळ संपली, पण हवं तर पुन्हा या, याचे पैसे लागत नाहीत. हे पैसे न लागणं बाहेर कुठेही लिहिलेलं नाही. विचारून घ्या.

परतीच्या एसटीत मीच विषय काढला. माझं म्हणणं एवढंच होतं की सांभाळायला मी तयार आहे, पण गृहीत धरून नाही. दाजींनी मृत्युपत्र करायचं, त्यात पालक म्हणून माझं आणि मिस्टरांचं नाव लेखी घालायचं, आणि रिटायरमेंटच्या पैशातला मुलाचा हिस्सा आधी बाजूला काढायचा. मुलीचं नाव कागदावरून काढायचं. ती मोठी झाल्यावर तिचं ती ठरवेल. वन्संना राग आला असावा, कराडपर्यंत बोलल्या नाहीत. कराडला चहा घेताना म्हणाल्या, "वकील कोण बघायचा?"

मार्क द्यायचे तर डॉक्टर 5 पैकी 5, सोनोग्राफी आणि नर्सेस 5, वेळ पाळणं 2, पैशांची खोली 1. समुपदेशन 5, पण ते सहीनंतर ठेवल्याबद्दल सेंटरला 0. मॅनेजरना मी लेखी दिलंय की त्या बाईंची खोली तळमजल्यावर, पॅकेजच्या खोलीच्या आधी आणा. "बघतो" म्हणाले. जाणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी, पैशांचं बोलणं निघायच्या आत, समुपदेशकांची वेळ मागावी. दोघांनी जावं, आणि ज्याचं नाव लिहायचं ठरवलंय त्यालाही सोबत न्यावं. कागद भरपूर लागतात: लग्नाचं प्रमाणपत्र, दोघांची आधार कार्डं, वयाचे पुरावे, मूळ प्रती. पार्किंग नाही. समोरच्या गल्लीतला पोहेवाला चांगला आहे.

फिजिशियनचं पत्र मिळालंय, दाजींच्या बीपीची गोळी बदललीय. मृत्युपत्राचा मसुदा वकिलांकडे आहे. मिस्टरांनी तो वाचून, काही न बोलता, त्यात स्वतःच्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करून दिलं. ट्रान्स्फर दिवाळीनंतर ठरलीय.