पानिपतचा काला अंब: बाग चांगली, रणांगण मात्र आपणच उभं करायचं

पानिपत शहरापासून साधारण आठ किलोमीटरवर १४ जानेवारी १७६१च्या लढाईचं स्मारक आहे. रिक्षावाल्याला 'काला अंब' असंच सांगायचं. परतीला रिक्षा मिळेलच असा भरवसा नाही, म्हणून थांबण्यासकट जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवावं. दिल्लीहून पानिपत सुमारे ९० किलोमीटर. रेल्वेही सोयीची, जीटी रोडही.

आत विटांचा स्तंभ आहे, त्यावर लोखंडी दांडा, भोवती लोखंडी कुंपण. इथलं आंब्याचं झाड सांडलेल्या रक्ताने काळवंडलं, अशी आख्यायिका आहे आणि नाव त्यावरूनच पडलं. झाड आता नाही. बाग शांत आहे, स्मारकाला साजेशी आहे. उणीव एकच, पण मोठी: लढाईची माहिती इंग्रजीत आणि त्रोटक. कोणती फौज कुठे उभी होती, हे त्यातून उमगत नाही. हजार-दीड हजार किलोमीटरवरून आलेला मराठी माणूस हात जोडतो, फोटो काढतो आणि अर्ध्या तासात परत फिरतो.

तसं होऊ देऊ नका. स्तंभापाशी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. फोनमधलं होकायंत्र पुरतं. ढोबळमानाने मराठ्यांची फौज अशीच उभी होती. डाव्या हाताला, पूर्वेला, यमुना. त्याच बाजूला इब्राहिमखान गारदी, मध्यभागी भाऊसाहेब आणि विश्वासराव, उजवीकडे शिंदे-होळकर. समोर अब्दाली आणि त्याच्या पाठीशी दिल्ली! उत्तरेकडून आलेला शत्रू दक्षिणेला कसा, याचं उत्तर बागपतला आहे. ऑक्टोबर १७६०मध्ये अब्दाली तिथे यमुना उतरला आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. पुढे रसदही तुटली, आणि दोन-अडीच महिन्यांनी उपाशी फौज मैदानात उतरली.

आता डावीकडे बघा. इब्राहिमखानाच्या गारद्यांच्या तोफांनी अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी खिळखिळी केली होती. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार त्या तोफांच्या पुढे धावले. आपलीच माणसं समोर आल्यावर तोफा डागायच्या कशा? गोल, म्हणजे तोफांच्या आडोशाने फौज एकसंध ठेवून पुढे सरकण्याची रचना, इथे फुटला. दुपारनंतर हिवाळ्यातलं ऊन नैर्ऋत्येकडून, म्हणजे मराठ्यांच्या डोळ्यांवर. त्यातच विश्वासराव गोळी लागून पडले आणि अब्दालीने ताज्या दमाची राखीव फौज पुढे काढली. तीन-साडेतीनच्या सुमाराला इथे उभं राहिलं की उन्हाचा मुद्दा अंगावर येतो. स्तंभाच्या पायथ्याशी एक दिशाफलक आणि मराठी-हिंदीत फौजांचा नकाशा बसवला, तर हे सगळं शाळकरी मुलालाही कळेल. तोवर मांडणीचा नकाशा घरून छापून न्यावा.

संक्रांतीला जायचं असेल तर गर्दी आणि दाट धुकं, दोन्ही धरून चाला. धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, शिवाय दूरचं काही दिसत नाही. मैदानाचा सपाटपणा नजरेत भरायला फेब्रुवारीअखेर उत्तम.

शहरात १५२६च्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर आणि बाबराने बांधलेली काबुली बाग मशीद आहे. दोन्ही सकाळीच उरकाव्यात, म्हणजे दुपार काला अंबला मोकळी राहते.