स्वतःचा स्पोर्ट्स क्विझ बोर्ड गेम बनवायचं कोरं किट: पुठ्ठा झकास, पण प्रश्न स्वतःच लिहा

गेले तीन महिने मी आणि माझी भाची मिळून एक बोर्ड गेम बनवतोय. विषय खेळ, म्हणजे पटावर पळायचं आणि पळायला मिळावं म्हणून प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यासाठी जे कोरं किट मागवलं त्याचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण असली किट्स बरेच जण काढतात आणि आतला माल साधारण सारखाच असतो, त्यामुळे कुठलंही घेणार असाल तरी हे वाचून थोडा अंदाज येईल.

डब्यात काय आलं तर एक घडीचा कोरा बोर्ड, 200 कोरी कार्डं, सहा रंगांच्या सोंगट्या, दोन फासे, एक वाळूचं घड्याळ, स्टिकरचे तीन कागद, एक नियमांची पुस्तिका आणि नमुना म्हणून स्पोर्ट्सचे 50 छापील प्रश्न.

बोर्ड खरंच मस्त आहे. जाड पुठ्ठा, कडा नीट चिकटवलेल्या, उघडल्यावर टेबलावर सपाट बसतो, कोपरे वर येत नाहीत. पेन्सिलने आखून खोडलं तरी पृष्ठभाग उसवत नाही आणि हे फार महत्त्वाचं, कारण आम्ही ट्रॅक चार वेळा आखला आणि चार वेळा खोडला. एकच काळजी घ्या, घडीच्या रेषेवर स्टिकर लावू नका. आम्ही फिनिश लाइन बरोबर घडीवर लावली होती, आठवड्याभरात ती मधोमध फाटून वर आली. आता फिनिश लाइन मार्करने काढलीये आणि घडीपासून दोन बोटं लांब.

कार्डांबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मोठी आहे. चांगल्या पत्त्यांमध्ये दोन कागदांच्या मध्ये गडद रंगाचा थर असतो म्हणून पत्ता उजेडात धरला तरी आरपार दिसत नाही, या कार्डांत तो थर नाही. आमच्या पहिल्याच टेस्ट गेमला भाची प्रश्न वाचत होती, कार्ड तिने डोळ्यांसमोर धरलं होतं, मागे ट्यूबलाइट, आणि मी समोर बसून उत्तर उलट्या अक्षरांत पण सरळ वाचू शकत होतो. तीन प्रश्न बरोबर आल्यावर मीच सांगितलं की अगं मला सगळं दिसतंय, थांब. मग आम्ही उत्तरं कार्डावर न लिहिता एका वेगळ्या वहीत नंबर टाकून लिहिली, कार्डावर फक्त प्रश्न आणि नंबर. जरा कटकट आहे पण एक फायदा झाला, उत्तर बदलायची वेळ आली की कार्ड फेकावं लागत नाही, वहीत एक ओळ खोडली की झालं. शिवाय कार्डं गुळगुळीत आहेत, जेल पेन पुसलं जातं, बॉलपेन घसरतं, बारीक टोकाचा परमनंट मार्करच लागतो.

वाळूच्या घड्याळावर 30 सेकंद छापलंय. मोबाइल लावून मोजलं तर एका बाजूने 33 आणि उलटं केलं तर 37. साध्या प्रश्नाला चालून जातं, पण आम्ही एक कबड्डीचं कार्ड ठेवलंय, त्यात चढाई करायची म्हणजे एका दमात सांगेल तेवढी नावं सांगायची, आणि कबड्डीतली रेड 30 सेकंदांचीच असते, तिथे एकाला 33 आणि दुसऱ्याला 37 मिळाले तर भांडण होणारच. मोबाइलचा टायमर वापरा.

आता पुस्तिका. इथे मला खरंच वाईट वाटलं, कारण ज्याला गेम बनवायची हौस आहे पण अनुभव नाही तो पुस्तिका सांगते तसंच करणार आणि त्याचा गेम पडणार. पुस्तिका म्हणते 60 घरांचा पट आखा, फासा टाका, उत्तर बरोबर आलं तर फाशाइतकी घरं पुढे, चुकलं तर जागेवरच. वाचायला सोपं वाटतं. पण हिशोब करा, एका फाशाची सरासरी साडेतीन, निम्मी उत्तरं बरोबर येतात धरलं तर एका खेपेला सरासरी पावणेदोन घरं. 60 घरं संपवायला एका टीमला 34 खेपा लागल्या. चार टीम असतील तर 136 प्रश्न, प्रश्नाला एक मिनिट धरा, सव्वादोन तास! आणि डब्यात नमुन्याचे प्रश्न 50. आम्ही हे केलं, खरंच केलं, दीड तासाने दोघंजण उठून गेले आणि उरलेले पण घड्याळाकडे बघायला लागले होते.

त्याहून वाईट म्हणजे फासा आणि माहिती यांचं जमतच नाही. एखाद्याने अवघड प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि फाशावर एक पडला म्हणून एकच घर सरकायचं, दुसऱ्याने सोप्याचं द्यायचं आणि सहा घरं पळायचं, हे खेळाडूच्या मनाला लागतं. मग फासाच काढून टाकला. आता भिडू आधी ठरवतो प्रश्न कसला घ्यायचा, सोपा घेतला तर एक घर, मधला दोन, अवघड चार. उत्तर चुकलं तर जागेवर. यात बघायला मजा येते, मागे पडलेला माणूस चारवाला प्रश्न मागतो आणि सगळी खोली गप्प होते.

पटसुद्धा बदलला, 60 ऐवजी 40 घरं, कारण स्टेडियममधला ट्रॅक आतल्या लेनमध्ये 400 मीटरचा असतो, म्हणजे एक घर 10 मीटर. हे सुचलं भाचीला. आणि तिथून पुढचं आपोआप सुचत गेलं: प्रत्येक टीम म्हणजे 4 बाय 100 रिले, दर 100 मीटरला बॅटन बदलायचा, बॅटन म्हणजे एक रंगीत काडी, ती ज्याच्या हातात त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. खऱ्या रिलेत बॅटन द्यायचा पट्टा आता 30 मीटरचा असतो, रेषेच्या आधी 20 आणि नंतर 10, तेच पटावर आणलं, रेषेआधीची दोन घरं आणि नंतरचं एक. त्या तीन घरांत थांबून काडी दिली पाहिजे, न थांबता पुढे उडी मारली तर परत मागे. म्हणजे रेषेजवळ आल्यावर चार घरांचा मोह धरायचा की नाही हाही विचार करावा लागतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ज्याला सगळं येतं तो एकटाच आख्खा गेम खेळू शकत नाही. क्विझच्या गेमचा हा जुना रोग आहे, एक हुशार माणूस पळतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

नमुन्याच्या प्रश्नांवर जरा जास्त लिहितो, कारण असल्या गेमचा जीव प्रश्नांत असतो, पुठ्ठ्यात नाही. 50 पैकी मला 11 प्रश्न वापरण्यासारखे वाटले. एक कार्ड विचारतं टेबल टेनिसचा गेम किती पॉइंटचा, उत्तर छापलंय 21. अहो, 2001 पासून 11 आहे! दुसरं कार्ड, पोल व्हॉल्टचा विश्वविक्रम किती, उत्तर 6.18 मीटर. हे 2020 साली बरोबर होतं, पण स्वीडनचा पोल व्हॉल्टर ड्युप्लांटिस त्यानंतर एकेक सेंटिमीटर करत वर चढतच गेलाय, 2025 च्या टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपला 6.30 पार केलं. असा प्रश्न छापला त्याच दिवशी शिळा व्हायला लागतो. हाच प्रश्न आम्ही असा फिरवला: फेब्रुवारी 2020 मध्ये ड्युप्लांटिसने आठवड्याभरात दोनदा विश्वविक्रम मोडला, दुसऱ्यांदा किती सेंटिमीटरने? उत्तर एक. हे दहा वर्षांनीही बरोबरच राहणार. तेव्हा प्रश्नात साल घाला, महिना घाला, स्पर्धा घाला, "सध्या" आणि "आतापर्यंत" हे शब्द कार्डावर येऊच देऊ नका.

आणि एक कार्ड होतं, वन डेमध्ये पहिली डबल सेंच्युरी कोणाची, उत्तर सचिन तेंडुलकर. मी सवयीने "बरोबर" म्हणून पुढे जाणार होतो तर भाची म्हणाली, "मामा, हे चूक आहे." मी म्हटलं अगं 2010, ग्वाल्हेर, साउथ आफ्रिकेविरुद्ध, मी टीव्हीवर बघितलीये. ती म्हणाली, "ऑस्ट्रेलियाची बेलिंडा क्लार्क, 1997, डेन्मार्कविरुद्ध, नाबाद 229, वर्ल्ड कप." आणि तिचं बरोबर होतं, सचिनच्या बारा वर्षांहून जास्त आधी झालेलं होतं ते. सचिनची पुरुषांमधली पहिली. वर्ल्ड कपचंही तसंच, क्रिकेटचा पहिला वर्ल्ड कप 1975 चा म्हणून सगळे सांगतात, पण महिलांचा 1973 ला झाला. त्या दिवशी आम्ही सगळी कार्डं परत काढली आणि जिथे जिथे नुसतं "पहिला" लिहिलं होतं तिथे कोणातला पहिला ते लिहिलं. तसंच एक, भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल कोणाचं. खाशाबा जाधव म्हणणारा चुकत नाही, 1952 हेलसिंकी, कुस्तीत ब्रॉन्झ, पण 1900 च्या पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने भारताच्या नावावर दोन सिल्व्हर मिळवलेली आहेत. "स्वतंत्र भारताचं" एवढे दोन शब्द घातले की वाद मिटतो. एका वादग्रस्त कार्डापायी डाव पंधरा मिनिटं थांबतो, तो परत रंगात येत नाही.

पुस्तिकेत प्रश्नांचे गट पाडलेत क्रिकेट, फुटबॉल, टेनिस, ऑलिंपिक, इतर. असं करू नका. क्रिकेटवेडा क्रिकेटवर बसतो आणि "इतर" मध्ये बिचारे हॉकी, कबड्डी, बॅडमिंटन सगळे कोंबलेले. ट्रिव्हियल परस्यूट हा क्विझचा प्रसिद्ध बोर्ड गेम 1979 साली ज्या दोघा कॅनेडियन पत्रकारांनी काढला त्यातला एक, स्कॉट ॲबट, स्पोर्ट्सचाच पत्रकार होता, पण तिथे खेळ हा सहा विषयांपैकी एक. आपल्याकडे सगळंच खेळ असेल तर गट वेगळ्या पद्धतीने पाडायला लागतात. आम्ही पाडले आकडे, नियम, किस्से आणि करून दाखवा. करून दाखवा म्हणजे अंपायरची खूण करा, टीमने ओळखायची. यात कार्टी पण येतात आणि ज्याला एकही स्कोअर पाठ नाही तोही येतो.

आकड्यांच्या प्रश्नांना मात्र आम्ही सगळ्यांना एकदम उत्तर लिहायला लावतो आणि जवळचं उत्तर असेल त्याला दोन घरं. माझी आई कुठलाच खेळ बघत नाही, ती नुसती बसायला आली होती. प्रश्न आला बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून किती फूट उंच. आमच्यातल्या बास्केटबॉल खेळलेल्या मित्राने लिहिलं 12. आईने छताकडे बघितलं, थोडा वेळ बघत राहिली आणि लिहिलं 10. बरोब्बर 10! नंतर म्हणाली, "अरे, माणूस उडी मारून हात लावतो ना तिथे, मग छताएवढीच असणार." त्यानंतर ती उठली नाही, शेवटपर्यंत खेळली. मला या गेममधून हेच हवं होतं, पाठांतर नसलं तरी डोकं चालवून पुढे जाता आलं पाहिजे.

किश्श्यांच्या गटात आम्ही उत्तरामागे गोष्ट असलेलेच प्रश्न घेतो. ऑस्ट्रेलियाचा बॅट्समन ब्रॅडमन, त्याची टेस्टमधली सरासरी किती हा प्रश्न मेलेला आहे, ज्याला येतं त्याला येतं, 99.94, पुढे काही नाही. त्याऐवजी विचारा, 1948 ला लंडनच्या ओव्हलवर शेवटच्या डावात उतरला तेव्हा 100 ची सरासरी राहायला त्याला किती धावा हव्या होत्या. लोक तीस म्हणतात, पन्नास म्हणतात. हव्या होत्या चार, आणि इंग्लंडचा बॉलर होलिज, त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर बोल्ड. हे उत्तर वाचलं की खोलीत जो "अरेरे" येतो ना, त्यासाठी मी आणखी शंभर कार्डं लिहायला तयार आहे.

आत्तापर्यंत 80 कार्डं झालीत, एका कार्डावर सोपा, मधला, अवघड असे तीन, म्हणजे 240 प्रश्न. प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी तपासतो, मगच वहीत. चार टीमचा डाव आता तासाच्या आत बसतो.

किट घ्यावं का? बोर्ड आणि सोंगट्यांसाठी जरूर घ्या, लहान मुलांबरोबर बनवणार असाल तर फारच छान. पाचपैकी साडेतीन स्टार देतोय, एक कार्डांच्या आरपार दिसण्यापायी गेला आणि अर्धा त्या पुस्तिकेपायी. नमुन्याचे प्रश्न बाजूला ठेवा, फार तर चूक शोधायचा खेळ म्हणून मुलांना द्या. आणि कार्डांचं जादा पाकीट मागवणार असाल तर पहिल्या डब्याबरोबरच मागवा, मी नंतर मागवलं तर ती कार्डं किंचित रुंद आली, गठ्ठ्यात कड बाहेर दिसते आणि भाची आता लांबूनच सांगते पुढचं कार्ड जुनं आहे की नवं.