द्वैत की अद्वैत? गुजरीतून अंबाबाईपर्यंत

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनाराकडे आजीचा जुना कोल्हापुरी साज मोडायला दिला. चंद्र, कमळ, मासा अशी सगळी पानं मुशीत गेली आणि उरला सोन्याचा एक गोळा. अद्वैतवाल्यांचा, म्हणजे सगळं मुळात एकच मानणाऱ्यांचा, हा आवडता दाखला, थेट उपनिषदातला: दागिने अनेक, सोनं एकच. आठव्या शतकाच्या आसपास शंकराचार्यांनी हेच टोकाला नेलं. ब्रह्म तेवढं सत्य, वेगळेपण अविद्येमुळे, म्हणजे अज्ञानामुळे, भासतं.

ऐकायला झकास. पण मासा गेल्यावर आईच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुणासाठी? सोनं तर तोळामासा तेवढंच होतं!

इथं मला तेराव्या शतकातले उडुपीचे द्वैतवादी मध्वाचार्य जवळचे वाटतात. ईश्वर, जीव आणि जड (निर्जीव सृष्टी) यांच्यातले पाच भेद त्यांनी खरेच मानले. जीव नि जीवही वेगळे. किरणोत्सवात अंबाबाईच्या पायांवर ऊन पडताच हात जोडले जातात. देवी आणि मी एकच असू, तर जोडायचे कुणाला? शंकराचार्य म्हणतील, व्यवहारात जोड की, भक्तीला ना नाही.

पाश्चात्त्यांचं द्वैत मात्र निराळं, त्याची गल्लत नको. सतराव्या शतकातला फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त, त्यानं मन आणि शरीर वेगळी ठरवली. बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथनं १६४३ मध्ये त्याला पत्रातून विचारलं, अशरीरी मन शरीराला हलवतं कसं? समाधानकारक उत्तर त्याला जमलं नाही. पुढं डच तत्त्वज्ञ स्पिनोझानं दोन्ही एकाच द्रव्याची, म्हणजे मूळ तत्त्वाची, रूपं मानून तो पेच सोडवला.

माझं मत? देकार्तपेक्षा स्पिनोझा पटतो, शंकराचार्यांपेक्षा मध्व. विसंगत आहे, माहितेय. साज मात्र पुन्हा घडवायला टाकलाय, माशासकट.