मोनार्क पाळण्याचा संच: पिंजरा चांगला, माहितीपत्रक कच्चं

मोनार्क या नारिंगी-काळ्या फुलपाखराच्या अळ्या घरी वाढवण्यासाठी घडीचा जाळीचा पिंजरा, पानांच्या फांद्यांसाठी पाण्याच्या चार नळ्या, ब्रश आणि माहितीपत्रक एवढा हा संच.

पिंजऱ्याची 60 सेंमी उंची अगदी योग्य. कोष छताला टांगलेला असतो आणि बाहेर आलेल्या फुलपाखराचे ओले पंख मोकळे लोंबावे लागतात. जागा कमी पडली तर पंख दुमडलेलेच वाळतात, ते पुन्हा सरळ होत नाहीत. नळ्यांची झाकणं मात्र सैल आहेत. देठाभोवती कापूस घट्ट बसवावा, नाहीतर अळ्या आत उतरून बुडतात. पुढची खेप ठेवण्याआधी पिंजरा एक भाग घरगुती ब्लीच आणि चार भाग पाण्यात 4 तास बुडवून, धुऊन वाळवावा. ‘ओई’ या परजीवीचे बीजाणू नुसत्या पाण्याने मरत नाहीत. पत्रकात याबद्दल एक ओळही नाही.

मोठी चूक खाद्याच्या पानावर आहे. ‘रुईच्या कुळातलं कोणतंही झाड द्या, विष तेवढंच’ असं तिथे छापलंय. हे साफ चूक! हळदीकुंकू (ॲस्क्लेपियस क्युरासाव्हिका) या झाडात कार्डेनोलाइड हे हृदयावर परिणाम करणारं विष भरपूर असतं, त्याच कुळातल्या ॲस्क्लेपियस ट्यूबरोसा या झाडात जेमतेम. अळी विष स्वतः बनवत नाही, पानातून साठवते. तिच्या पेशींमधला सोडियम पंप बदललेला असल्याने तिला ते बाधत नाही. कीटकशास्त्रज्ञ लिंकन ब्रोअर यांच्या 1960च्या दशकातल्या प्रयोगांत कोबीवर वाढवलेले मोनार्क ब्लू जे पक्ष्यांनी खुशाल खाल्ले. हळदीकुंकवावर वाढलेले खाल्ल्यावर मात्र ते ओकले आणि पुढे तो नारिंगी-काळा रंग दिसताच तोंड फिरवू लागले. रंग तोच, पण त्याला वजन येतं ते पानामुळे. संच घेण्याचं कारणच हे समजून घेणं असेल, तर झाड नीट निवडा, आणि रोपवाटिकेतलं असेल तर कीटकनाशक मारलेलं नाही याची खात्री करा. फवारलेल्या पानावर अळ्या मरतात.

पत्रकातल्या नक्कलीच्या तक्त्यात मोनार्कसारख्याच दिसणाऱ्या व्हाइसरॉय फुलपाखराला ‘निरुपद्रवी नकलाकार’ म्हटलंय. 1991 मध्येच तोही पक्ष्यांना बेचव लागतो हे दाखवलं गेलं होतं. तक्ता जुनाच राहिलाय.

‘फुलपाखराला हात लावू नका, विषारी आहे’ ही सूचनाही वगळावी. स्पर्शाने विष बाधत नाही. जपायचं ते झाडाच्या चिकापासून. पान तोडल्यावर हात साबणाने धुवा. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला सूज येऊन दिसणं धूसर होतं.